टोपली कोणी भरली?

दादाभाई नौरोजींनी हिंदुस्थानी माणसाची ऐपत मोजायला तुरुंगाचा आधार घेतला. १८७६ मध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे वाचलेल्या निबंधात त्यांनी एकीकडे देशाचं दरडोई उत्पन्न मांडलं : वर्षाला सुमारे २० रुपये. दुसरीकडे मांडला तो कैद्यांच्या आणि परमुलखात मजुरीला बोटीने जाणाऱ्या कामगारांच्या शिध्याचा खर्च. तांदूळ किंवा पीठ, डाळ, मटण, भाजी, तूप, तेल, मीठ. यादी सरकारी अधिकाऱ्यांच्याच कागदपत्रांतली होती, त्यामुळे ती फुगवलेली आहे असं साहेबाला म्हणता येईना. १८६७-६८ च्या भावांनी जेमतेम जगण्याचा हा खर्च प्रांताप्रांतांत १६ ते ३५ रुपयांच्या दरम्यान पडत होता. त्यात लग्नकार्य नाही, सण नाही, दुखणंखुपणं नाही. सरकार गुन्हेगाराला कोंडून ठेवून जे खाऊ घालतं तेवढीही ऐपत अनेक प्रांतांतल्या मोकळ्या रयतेची सरासरीने नाही, हे त्यातून आपोआप निघालं.

क्रयशक्तीची चर्चा आपल्याकडे इथून सुरू होते असं मानायला हरकत नाही. दादाभाईंनी केलेली गोष्ट साधी दिसते, पण पुढच्या दीडशे वर्षांतल्या सगळ्या भांडणांचं मूळ तिच्यात आहे. उत्पन्नाचा आकडा एकटा मुका असतो. त्याच्यासमोर वस्तूंची एक टोपली ठेवावी लागते आणि विचारावं लागतं, या पैशात ही टोपली येते का? पण टोपलीत काय घालायचं, किती घालायचं आणि भाव कुठल्या दुकानातले धरायचे, हे कोणीतरी ठरवतं. ते ज्याच्या हाती, त्याचंच क्रयशक्तीचं मोजमाप चालतं.

अलीकडे ‘क्रयशक्ती’ हा शब्द अर्थसंकल्पाच्या दिवसांत वर्तमानपत्रांतून उतू जातो. २०२५ च्या अर्थसंकल्पात नव्या करप्रणालीखाली १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा कर माफ झाला. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले, साबण-शाम्पू-टूथपेस्ट ५ टक्क्यांवर आले आणि छोट्या मोटारी, एअर कंडिशनर १८ वर. दोन्ही वेळा कारण एकच सांगितलं गेलं, लोकांच्या हातात पैसा खेळावा. सरकारला ही काळजी असणं स्वाभाविक आहे, कारण देशाच्या जीडीपीत कुटुंबांच्या खरेदीचा वाटा सुमारे ६० टक्के आहे. पण पहिली सवलत प्राप्तिकर भरणाऱ्यांपुरती होती आणि दुसरी प्रत्येक साबणवडीमागे होती. दोन्हींना ‘क्रयशक्ती वाढवणं’ म्हटलं गेलं, तरी ती वाढली वेगवेगळ्या माणसांची.

हिशेबाची बाजू आधी उरकून घेऊ. पैशातलं उत्पन्न भागिले भावपातळी, एवढाच तो हिशेब. मात्र माणसाचं लक्ष वरच्या आकड्यावर राहतं आणि भागाकार करायचा राहून जातो. अर्विंग फिशर या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९२८ मध्ये या भुलीवर आख्खं पुस्तक लिहिलं. आपल्याकडचं ताजं उदाहरण घरगुती खर्चाच्या राष्ट्रीय पाहणीत आहे. २०११-१२ मध्ये ग्रामीण भागात माणशी महिन्याचा खर्च सरासरी १४३० रुपये होता, २०२२-२३ मध्ये तो ३७७३ झाला. अडीचपटीहून जास्त. पण २०११-१२ च्या भावांत मांडला तर तो २००८ रुपये भरतो. म्हणजे अकरा वर्षांत खरी वाढ ४० टक्के. शहरांत २६३० चे ६४५९ झाले, जुन्या भावांत ३५१०, म्हणजे वाढ साधारण ३३ टक्के. वाढ आहे, नाकारायचं कारण नाही. पण अडीचपट आणि ४० टक्के यांच्यात जे अंतर आहे त्याच अंतरात राजकारणी भाषणं करतात.

मधली २०१७-१८ ची पाहणीही झाली होती. तिचे निष्कर्ष ‘विदेच्या दर्जाबद्दल शंका’ असं कारण देऊन प्रसिद्धच केले गेले नाहीत. मोजमापाचा कागद कपाटात ठेवणं हाही टोपली भरण्याचाच एक प्रकार म्हणायचा.

या विषयातलं आपल्याकडचं सर्वांत टोकदार लिखाण मात्र मजुरीवरचं नाही, चलनावरचं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध १९२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. त्या काळी वाद चालला होता रुपया-पौंडाच्या विनिमय दराचा, एक शिलिंग चार पेन्स की सहा पेन्स. कारखानदार आणि निर्यातदारांना स्वस्त रुपया हवा होता. आंबेडकरांनी वादाचा आसच फिरवला. रुपया सोन्याशी किंवा पौंडाशी स्थिर आहे की नाही यापेक्षा तो देशातल्या बाजारात किती माल आणतो हे महत्त्वाचं, आणि ती शक्ती स्थिर केल्याशिवाय रुपया स्थिर होणार नाही, असं त्यांचं म्हणणं. त्याहून पुढचा मुद्दा त्यांनी नंतरच्या लेखांत मांडला. रुपया उतरला की भाव चढतात, मजुरी मात्र मागे रेंगाळते. मग निर्यातदाराचा नफा येतो कुठून? मजुराच्या ताटातून. प्रबंधातलं बरंच त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांना पटलं नव्हतं, तरी त्यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. रुपया घसरला की ‘निर्यातीला चांगलं’ असं आज टीव्हीवर सहज म्हटलं जातं, तेव्हा शंभर वर्षांपूर्वीचं हे उत्तर चर्चेत कोणी आणत नाही याचं नवल वाटतं.

मजुराच्या ताटाचं प्रत्यक्ष मोजमाप मुंबईत त्याच सुमाराला सुरू झालं. १९२१ मध्ये मुंबई सरकारचं कामगार कार्यालय उघडलं, गिरणी कामगारांच्या कुटुंबांचे जमाखर्च गोळा झाले आणि राहणीमान खर्चाचा निर्देशांक निघू लागला. दुसऱ्या महायुद्धात भाव भडकले, महागाई भत्ता आला आणि निर्देशांक कारकुनी टेबलावरून थेट पगाराच्या पाकिटात शिरला. एक अंक इकडेतिकडे झाला की लाखो कामगारांचा भत्ता हलणार. त्यामुळे निर्देशांकावर गिरणगावात जेवढी चर्चा झाली असेल तेवढी विद्यापीठात झाली नसेल. निर्देशांक खऱ्या महागाईपेक्षा कमी दाखवतो ही तक्रार १९६३ मध्ये इतकी पेटली की मुंबईत आंदोलन झालं आणि सरकारला अर्थतज्ज्ञ डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. समितीने निर्देशांकातले दोष दाखवून दुरुस्ती सुचवली. संख्याशास्त्राच्या तपशिलासाठी कामगारांनी रस्त्यावर उतरावं, हे आज अजब वाटेल. त्यांना मात्र ठाऊक होतं की टोपलीत चुकीचा भाव टाकला की चूल मंदावते.

मग पुणं. गोखले इन्स्टिट्यूटच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ प्रसिद्ध केलं. त्यांची टोपली उष्मांकांची होती. माणशी रोज २२५० उष्मांक मिळतील असा आहार घेणाऱ्या कुटुंबाचा एकूण खर्च किती? १९६०-६१ च्या भावांनी ग्रामीण भागात महिन्याला माणशी १५ रुपये, शहरात साडेबावीस. या रेषेखाली खेड्यांतली सुमारे ४० टक्के आणि शहरांतली सुमारे ५० टक्के माणसं निघाली. आकड्यांनी खळबळ माजलीच, पण वादाची खरी ठिणगी पुण्यातूनच पडली. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे म्हणाले, प्रत्येक शरीराची गरज वेगळी असते, एकाच माणसाची गरजही दिवसागणिक बदलते, मग सगळ्यांवर एकच उष्मांक-काठी का उगारता? सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येकजण उपाशी नसतो. दांडेकरांचं उत्तर असं की गरीब कमी खाऊन जगायला शिकतो, यावरून त्याला कमी लागतं असं ठरवायचं का? शास्त्रीयदृष्ट्या सुखात्म्यांचा आक्षेप वजनदार होता. धोरणासाठी मात्र दांडेकर-रथ यांची रेषाच टिकली, कारण सरकारला पुसट पट्टा नको असतो, रेघ लागते.

ती रेघ पुढे कुठे पोचली हे २०११ मध्ये दिसलं. नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं की शहरात रोज माणशी ३२ आणि खेड्यात २६ रुपये खर्च करणारा गरीब नाही. गरिबी मोजण्यासाठी नेमलेल्या सुरेश तेंडुलकर समितीच्या पद्धतीने काढलेला तो आकडा होता. गणित बरोबर होतं. पण दिवसाचा आकडा ऐकताक्षणी प्रत्येकाने आपल्या गल्लीतल्या चहा-वडापावचा हिशेब केला आणि आयोग तोंडघशी पडला.

उष्मांक काय नि रुपये काय, क्रयशक्तीची सर्वांत कठोर परीक्षा दुष्काळात होते. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’मध्ये १९४३ चा बंगाल तपासला. धान्याचा एकूण साठा आधीच्या वर्षांच्या मानाने फार घटलेला नव्हता, १९४१ पेक्षा तर जास्तच होता. मेले ते भूमिहीन मजूर, कोळी, न्हावी. युद्धाच्या पैशाने कलकत्त्यात भाव चढले, यांच्या श्रमाला आणि मालाला मात्र त्या प्रमाणात मोल उरलं नाही. ज्याच्यापाशी विकत घ्यायची ताकद नाही त्याच्यासाठी बाजारातला तांदूळ असून नसल्यासारखा.

याच सूत्राची उलटी बाजू महाराष्ट्राने १९७२-७३ मध्ये दाखवली. पिकं लागोपाठ बुडाली होती. सरकारने घरोघरी फक्त धान्य वाटत बसण्यापेक्षा कामं काढली : पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी फोडणं. मे १९७३ मध्ये या कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. सुकडीची पाकिटं आणि मिलो ज्वारीची लाल भाकरी ही त्या पिढीच्या आठवणीतली ओळखीची चव, पण जीव वाचवला तो आठवड्याच्या मजुरीने. हातात रोकड आली की वाणी कुठून तरी धान्य आणतोच. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि सेन यांनी पुढे ‘हंगर अँड पब्लिक अॅक्शन’मध्ये महाराष्ट्राचा हा दाखला घेतला. कामं काढण्याच्या या धोरणाची बीजं आधीच पडलेली होती. रोजगार हमीचे जनक मानले जाणारे वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला रोजगाराचा प्रयोग केला होता. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. टीका पुष्कळ झाली, हजेरीपटावरची खोटी नावं, अर्धवट रस्ते. ती खरीही होती. तरी मागेल त्याला काम, म्हणजे मागेल त्याला थोडी क्रयशक्ती, हे तत्त्व राज्याने कायद्यात लिहिलं ही गोष्ट लहान नाही.

शेतकऱ्याच्या बाबतीत हे सगळं गुंतागुंतीचं होतं, कारण तो एकाच बाजारात विकणाराही असतो आणि घेणाराही. विदर्भात जुनी माणसं सांगतात, एक काळ क्विंटलभर कापसात तोळाभर सोनं यायचं. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये आहे आणि सोन्याने २०२५ मध्ये तोळ्याला लाखाचा टप्पा ओलांडला. म्हणजे तोळ्यामागे बारा-तेरा क्विंटल. ही तुलना सभेत टाळ्या घेते, पण मला ती पुरती पटत नाही. सोन्यात मोजलं तर प्राध्यापकाचा पगारही घसरलेलाच दिसेल. कापूसवाल्याची टोपली भरायची तर तीत खत, डिझेल, वेचणीची मजुरी, मुलीच्या कॉलेजची फी आणि दवाखाना घालावा लागेल. तशी ती भरली तरी चित्र सुखाचं नाहीच, आणि त्यासाठी सोन्याच्या आधाराचीही गरज पडत नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८० च्या चाकण-नाशिकच्या कांदा आंदोलनापासून हेच सांगितलं की शेतमालाचे भाव पाडून शहराची क्रयशक्ती सांभाळली जाते. त्याचा प्रत्यय वारंवार येतो. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, ती ४ मे २०२४ ला उठवली. ग्राहक किंमत निर्देशांकात कांद्याचा वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे. लासलगावच्या शेतकऱ्याच्या वर्षाच्या कमाईत तो किती असतो, याची वेगळी पाहणी करायला नको.

निर्देशांकातल्या वाट्यांचा विषय निघालाच आहे तर त्याबद्दल थोडं सविस्तर. ‘सरकार म्हणतं महागाई चार टक्के, मग माझं बजेट का कोलमडतं?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो आणि त्यात नुसतं रडगाणं नसतं. २०१२ हे आधारवर्ष धरलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात अन्न आणि पेयांचा भार जवळजवळ ४६ टक्के होता. ग्रामीण निर्देशांकात एकट्या धान्यांचा भार १२ टक्क्यांवर. पण २०२२-२३ च्या पाहणीत ग्रामीण कुटुंबाच्या खर्चात धान्यांचा वाटा ५ टक्क्यांच्याही खाली आला होता, १९९९-२००० मध्ये तो २२ टक्के होता. त्याच वेळी बाहेरचं खाणं, पेयं, पाकीटबंद पदार्थ यांच्यावर ग्रामीण कुटुंबं साडेनऊ टक्के खर्च करू लागली. जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेलने १८५७ मध्ये मांडलेला नियम, की ऐपत वाढली की खर्चातला अन्नाचा वाटा घटतो, इथे बऱ्यापैकी लागू पडतो. थोडा वाटा फुकटच्या रेशनचाही आहे. जुनी टोपली बदलायला फार उशीर झाला होता. २०२३-२४ च्या पाहणीवर आधारलेली, २०२४ आधारवर्षाची नवी मालिका त्यासाठीच.

टोपली नवी केली तरी ती सरासरी कुटुंबाचीच राहणार, आणि सरासरी कुटुंब नावाचं कुटुंब कुठल्याच चाळीत राहत नाही. शिवाय घर विकत घेण्याचा खर्च निर्देशांकात धरतच नाहीत, धरतात ते भाडं. डोंबिवलीत वन-बीएचकेचा हप्ता भरणाऱ्याला निर्देशांक आपला वाटत नाही याचं एक कारण हे. गेल्या काही वर्षांत मोबाइल डेटा कमालीचा स्वस्त झाला, टीव्ही पगाराच्या मानाने हलका झाला. शाळा, दवाखाना आणि घर मात्र त्या वाटेने गेले नाहीत. आपली क्रयशक्ती एकाच वेळी वाढली आणि घटली असं वाटतं ते यामुळे. ज्या वस्तूंवाचून अडत नव्हतं त्या आवाक्यात आल्या आणि ज्यांवाचून अडतं त्यांनी घाम फोडला.

२०२२-२३ मध्ये शहरांतल्या सर्वांत खालच्या ५ टक्के लोकांचा माणशी महिन्याचा खर्च २००१ रुपये होता, सर्वांत वरच्या ५ टक्क्यांचा २०,८२४. ग्रामीण भागात १३७३ आणि १०,५०१. ६४५९ ची शहरी सरासरी खालच्या आणि वरच्या टोकांपैकी कोणालाच ओळखत नाही.

खालच्या टोकाला तर एक रुपयाही एका रुपयाचा माल आणत नाही. मजूर अड्ड्यावर मिळालेलं काम उरकून परतणारी बाई संध्याकाळी सातच्या सुमाराला वस्तीतल्या किराणा दुकानासमोर उभी राहते. दहाचं तेल, पाचची हळद, पाचचा चहा, पाव किलो डाळ, अर्धा किलो तांदूळ. दुकानदार तेल मापाने प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत ओततो, गाठ मारतो, वजन कोणी बघत नाही. तेलाचा त्या पिशवीतला दर लिटरवर नेला तर तो मॉलमधल्या पाच लिटरच्या डब्यापेक्षा चांगलाच चढा निघतो. हे त्या बाईला कळत नाही असं नाही. तिच्यापाशी आजची मजुरी आहे, महिन्याची नाही. महिन्याचा किराणा एकदम भरणं ही पैशाइतकीच पैसा हाती येण्याच्या वेळेची चैन आहे. दुकानदार उधार देतो, वहीत लिहितो, म्हणून त्याच्याशी भावाची घासाघीस करता येत नाही. निर्देशांकाचा अन्वेषक भाव टिपतो तो नेमलेल्या दुकानातला, नेमलेल्या मापाचा. गाठ मारलेल्या पिशवीचा भाव त्याच्या तक्त्यात बसत नाही. शाम्पूच्या पुडीचा हिशेब मात्र उलटा आहे. आपल्याकडे ती मिलिलिटरमागे बाटलीपेक्षा बहुधा स्वस्तच पडते, कारण तिथे कंपन्यांची चुरस पुडीतच आहे. गरिबाला छोटं माप नेहमी महागच पडतं असा सरसकट नियम करता येत नाही. जिथे विकणारे अनेक तिथे ते स्वस्त, जिथे एकच दुकान आणि उधारीची वही तिथे महाग.

पाच रुपयांच्या बिस्किटपुड्याचं गौडबंगाल सगळ्यांना माहीत आहे. किंमत तीच, पुडा दरवेळी थोडा हलका. आता वेष्टनावर ग्रॅममागची किंमतही छापावी लागते, पण ती वाचायला भिंग लागतं.

वरच्या टोकाला दुसरी गंमत चालते. देशादेशांतली क्रयशक्ती ताडून पाहण्यासाठी ‘क्रयशक्ती समानता’ नावाचं माप वापरतात. स्वीडनच्या गुस्ताव कासेलने ती संज्ञा १९१८ मध्ये रूढ केली. आता जागतिक बँकेच्या पुढाकाराने देशोदेशींच्या भावांची तुलना होते. २०१७ च्या फेरीनुसार अमेरिकेत एका डॉलरला मिळणारा माल आणि सेवा भारतात २०.६५ रुपयांत येत होत्या. बाजारात मात्र डॉलर ६५ रुपयांच्या आसपास होता. या हिशेबाने भारत जगातली तिसरी मोठी अर्थव्यवस्था ठरतो आणि आपण खूश होतो. न्यू जर्सीहून सुट्टीला पुण्यात आलेला मराठी माणूसही पहिल्या आठवड्यात याच कारणाने खूश असतो. आता हा फरक येतो कुठून ते पाहावं. कच्चं तेल, सोनं, लॅपटॉप यांचे भाव दोन्हीकडे जवळपास सारखे. स्वस्त आहे ते केस कापणं, इस्त्री, रिक्षा, धुणीभांडी, पोळ्या करून देणं. म्हणजे स्वस्त आहे माणूस. घरकाम करणाऱ्या मावशींना कमी पगार देता येतो, म्हणून कोथरूडच्या घरातल्या पगाराची क्रयशक्ती जास्त. मावशींची त्यामुळेच कमी. दोघांची नावं राष्ट्रीय सरासरीत एकाच रकान्यात पडतात. क्रयशक्ती समानतेचे आकडे खोटे नाहीत, पण त्यांतला मोठा भाग कोणाच्या तरी कमी मजुरीतून आलेला आहे, हे सांगितल्याशिवाय ते मिरवू नयेत.

उसनी क्रयशक्ती हा तर स्वतंत्र लेखाचा विषय. बीडकडची ऊसतोड जोडपी मुकादमाकडून उचल घेतात, हंगामाआधीच. त्या पैशात लग्न होतं, घराचे पत्रे बदलतात, आणि पुढचे पाच-सहा महिने कोयता चालवून ती फेडायची. शहरात तिला हप्ता म्हणतात, फोनपासून फ्रीजपर्यंत सगळ्याला तो लागतो आणि जाहिरातीत ‘शून्य टक्के व्याज’ असं लिहिलेलं असतं. व्याज शून्य असलं तरी प्रक्रिया शुल्क कुठे ना कुठे असतंच, तो भाग सोडा. कर्जाने खरेदी वाढते, बाजाराला ती क्रयशक्तीच वाटते. प्रत्यक्षात ती उद्याची आज वापरलेली असते. २०२२-२३ मध्ये कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत जीडीपीच्या ५ टक्क्यांच्या आसपास उतरली, कित्येक दशकांतली नीचांकी. काहींनी याला घरं घेण्याचा उत्साह म्हटलं. ते अंशतः खरंही आहे, कारण घर म्हणजे बचतच. पण कर्जाच्या यादीत मोटार, घर आणि आजारपण एकाच रांगेत उभे असतात. त्यांतला उत्साह कुठला आणि नाइलाज कुठला, हे एकूण आकडा सांगत नाही.

राहिला प्रश्न क्रयशक्ती टिकवण्याचा. वाढलेल्या महागाईची भरपाई कोणाला आपोआप मिळते? केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना आणि निवृत्तांना वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून. शिमल्याच्या श्रम ब्युरोचा औद्योगिक कामगारांचा निर्देशांक हलला की महागाई भत्ता हलतो. गिरणी कामगारांनी लढून मिळवलेली ही युक्ती आज मुख्यतः सरकारी नोकरीत उरली आहे. खासगी कारखान्यांतून निवृत्त झालेल्यांच्या ईपीएस-९५ योजनेचं किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ पासून महिना १००० रुपये आहे. ते निर्देशांकाला जोडलेलं नाही. २०१४-१५ ते २०२४-२५ या काळात ग्राहक किंमत निर्देशांक सुमारे ६२ टक्क्यांनी वाढला. म्हणजे त्या हजारात दहा वर्षांपूर्वीच्या ६१७ रुपयांइतकाच माल येतो. कोणी एका पैशानेही ते कमी केलं नाही, कपातीचा आदेश निघाला नाही, आणि तरी तिसऱ्या हिश्शाहून अधिक गेलं. रोजगार हमीची मजुरी निदान दरवर्षी बदलत आली. २०२४-२५ साठी महाराष्ट्रात ती रोज २९७ रुपये होती. तूरडाळ किलोला दीडशेच्या पुढे असताना दिवसभराच्या मातीकामात दोन किलो डाळही येत नव्हती.

जुलै २०२४ पासून महाराष्ट्रात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेखाली अडीच लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या २१ ते ६५ वयाच्या स्त्रियांना महिना १५०० रुपये मिळू लागले. ही नुसती मतांची बेगमी, असं शहरी दिवाणखान्यांतून ऐकू येतं. हेतू काहीही असो, वस्तीतल्या ज्या बाईच्या खात्यावर स्वतःच्या नावाने पहिल्यांदा रक्कम येते तिला दहाचं तेल घेण्याऐवजी लिटरची पिशवी घेता येते, हा फरक खरा आहे. पण ही रक्कमही महागाईला जोडलेली नाही. दरसाल ५ टक्के भाववाढ धरली तर पाच वर्षांनी त्या १५०० मध्ये सुरुवातीच्या पावणेबाराशेंचाच किराणा येईल. रक्कम वाढवायची का, याची चर्चा निवडणुकीच्या तोंडावर होते. ती निर्देशांकाला जोडायची का, हा प्रश्न कुठल्याच बाजूने अजून जोर लावून विचारलेला नाही.